पहिल्या धारेचं पाणी

लाँड्रीवाल्याने पिशवीतून चादर काढली आणि प्रयोगशाळेच्या मेजावर, काचेच्या नळ्या जेमतेम वाचवत, पसरली. चादर रुग्णालयाची होती. पांढरे असणे हा तिचा एकमेव धर्म. पण तिच्या मधोमध तांबूस-पिवळे डाग उमटले होते, सांडलेला चहा कोणी घाईने पुसावा तसे.

“बघा बाई,” तो म्हणाला. “रोगी झोपायच्या आधीच चादर आजारी.”

बाई शहराच्या पाणीपुरवठा खात्यात रसायनतज्ज्ञ होत्या. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंचे तोंड कधी पोळल्याचे कोणाला आठवत नव्हते, तरी त्या ताकही फुंकत आणि साधे पाणीही. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, डाग उजेडाकडे धरला आणि त्याच्या कडेवर आम्लाचा एक थेंब सोडला. तांबूस रंग थेंबापुरता विरघळला.

“गंज आहे,” त्या म्हणाल्या.

“ते माझ्या बायकोनेही सांगितलं, तेही थेंब न टाकता. गंज आला कुठून ते सांगा. पाणी तुमच्या खात्याचं.”

“पाणी खात्याचं, चादर तुमची. मध्ये नळ आहे.”

“तेच तर मी म्हणतोय! नवं यंत्र आणलं, त्याच्यासाठी गल्लीतल्या मोठ्या नळापासून नवी जोडणी करून घेतली, आणि यंत्र सुरू झाल्यापासून हे नाटक. जुन्या हौदावर धुवत होतो तोवर एक डाग नव्हता.”

“जोडणी कोणी केली?” उत्तर माहीत असूनही बाईंनी विचारले.

“माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय? तुमच्या धाकट्या भावाने.” तो चादरीची घडी घालू लागला. “नवे म्हणून जुने पाइप खपवलेत त्याने, दुसरं काय. तक्रार लेखी दिली आहे. आता बहीण भावाला तपासणार म्हटल्यावर निकाल काय लागणार, हे आमच्यासारख्यांना कळतं. कपडे धुतो, पण डोळे धुऊनच बसलोय.”

बाईंना टोमणा लागला, पण त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही. लाँड्रीवाल्याची अडचणही खोटी नव्हती. रुग्णालयाने आणखी एक गठ्ठा परत केला तर काम हातचे जाणार होते. दुसऱ्या बाजूला, दोष जोडणीत निघाला तर धाकट्याचा परवाना जाणार होता. परवाना नसलेल्या फिटरला खात्याच्या नळाला बोट लावता येत नाही. ज्या माणसाला आयुष्यात दुसरे काही येत नाही आणि येऊ द्यायचेही नाही, त्याचा परवाना काढणे म्हणजे त्याचे हातच काढून घेणे.

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावले. साहेब त्याच खात्याचे अभियंता होते, आणि प्रश्न विचारताना नेहमी खिडकीबाहेर पाहत.

“तुमचा भाऊ आहे म्हणून विचारतो. तपासणी दुसऱ्याकडे देऊ या का?”

“प्रयोगशाळेत दुसरं आहे कोण? आणि भाऊ आहे म्हणून मला लोखंड कमी दिसणार नाही.”

“जास्त दिसू नये म्हणजे झालं,” साहेब म्हणाले.

साहेबांनी बाईंना बरेच ओळखले होते. धाकट्याबद्दल बाईंच्या मनात एक जुना खटला चालूच असे. लहानपणी तो दूध पिऊन टाकी आणि पातेल्यात पाणी घालून ते पूर्वीच्या रेघेपर्यंत भरून ठेवी. आईला पत्ता लागत नसे. दूधवाला बिचारा शिव्या खाई. चोरी पकडली ती थोरलीने, दुधाचा थेंब नखावर ठेवून. त्या दिवसापासून धाकट्याने काही ‘अगदी नवं’ म्हटले की बाईंची नजर आधी रेघेवर जाई.

दुसऱ्या दिवशी नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी घेऊन त्या लाँड्रीच्या गल्लीत गेल्या. गल्ली पुढे बंद होती. तिच्या शेवटी लाँड्री, आणि लाँड्रीच्या भिंतीशी मोठा नळही संपत होता. नमुना घेण्याची बाईंची पद्धत ठरलेली होती आणि ती त्यांनी खात्यातल्या प्रत्येकाला शिकवली होती. आधी नळाचे तोंड पुसायचे, मग ते ज्योतीने भाजून घ्यायचे, मग पाणी मोकळे सोडायचे. हाताला त्याचा गारवा एकसारखा लागेपर्यंत सोडायचे. नळाच्या तोंडाशी साचलेले पाणी शहराचे पाणी नव्हे, असे त्या म्हणत. शहराचे पाणी त्याच्या मागून येते. मगच बाटली धरायची. त्यांनी रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचा नमुना असा घेतला, शेजारच्या दोन घरांचा घेतला, लाँड्रीचाही घेतला. यंत्र गरगरत होते आणि चारही बाटल्यांतले पाणी पहिल्या थेंबापासून भिंगासारखे होते.

“मघापासून तीन बादल्या वाहून घालवल्यात,” लाँड्रीवाला म्हणाला. “बिल कोण भरणार?”

“नियम आहे.”

“मग ही घ्या.” त्याने फळीवरची एक बरणी उतरवली. तिच्यात गढूळ तांबूस पाणी होते आणि तळाशी विटकरी गाळ. “आज सकाळी यंत्राच्या नळीतून काढलेलं. शपथेवर सांगतो.”

“बरणीवर शपथ चिकटलेली नसते. तुम्ही तिच्यात काय घातलंत, हे मला कसं कळणार?”

“म्हणजे मी खिळे खरवडून पाणी रंगवत बसलोय?”

“तुम्ही म्हणता माझा भाऊ जुने पाइप नवे म्हणून विकतो. मी फक्त एवढंच म्हणते की बरणी मी भरलेली नाही.”

दोघेही एकमेकांकडे मोड आलेल्या बटाट्याकडे पाहावे तसे पाहत राहिले, ठेवावे की टाकावे या विचारात. मग बाईंनी बरणीही पेटीत ठेवली. टाकून देणे हेही पद्धतीत बसत नव्हते.

प्रयोगशाळेत चारही बाटल्या निर्दोष ठरल्या. लोखंड इतके कमी की नोंदवायला संकोच वाटावा. बरणीत मात्र ते ठासून भरले होते. बाईंनी मान मागे टेकवून हिशेब मांडला. रस्त्यातले पाणी स्वच्छ, चादर डागाळलेली, चादरीवरचा गंज खरा. म्हणजे चोर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. आणि मध्ये होता धाकट्याचा नवा पाइप.

त्याच संध्याकाळी त्या त्याच्या घरी गेल्या. घरापुढच्या अंगणात पाइपांची रास होती. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत, आधी राशीकडे गेल्या. वरच्या काही पाइपांना ताजा लाल रंग फासला होता. नखाने एक पापुद्रा उचलला, तर खाली खरबरीत, जुने, पोपडे धरलेले लोखंडाचे अंग.

“हे काय?” धाकटा पायरीवर चहा पीत होता, त्याला त्यांनी विचारले.

“पाइप.”

“जुन्यावर रंग.”

“हो. गंजावर रंग देतात, ताई. लोणी कोणी लावत नाही.”

“कोणासाठी?”

धाकट्याने कप खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी विझल्यासारखे झाले आणि मग भलतेच पेटले. “तूच ठरवून आली आहेस ना? मग मी कशाला सांगू? लाँड्रीवाल्याने म्हटलं असतं तर त्याला पावती दाखवली असती. तुला काय दाखवू?”

“पावतीने पाइप नवा होत नाही.”

“तर मग भिंत फोड, पाइप काप, आणि बघ! पण कापताना लोकांनाही बोलाव. बहिणीने भावाच्या पोटात सुरी घातली हे बघायला गर्दी होईल.”

त्याची बायको दारात येऊन उभी होती. “वन्सं, जेवायला आलात की पंचनाम्याला? तसं सांगा, म्हणजे पान वाढू की साक्षीदार बोलावू ते कळेल.”

बाई न जेवता परतल्या. वाटेत त्यांना त्या बोलण्यातला प्रत्येक शब्द आठवत होता, आणि त्यात एक उणीव ठळक दिसत होती. रंगवलेले पाइप कोणासाठी, हे त्याने सांगितले नव्हते. ज्याला सांगण्यासारखे असते तो सांगून मोकळा होतो, असे त्यांना वाटले. अभिमानी माणूस निर्दोष असतानाच अधिक गप्प बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत अंतर असते.

सकाळी त्यांनी साहेबांना तोंडी सांगितले, “मुख्य नळातलं पाणी निर्दोष आहे. दोष जोडणीत असावा.”

“असावा की आहे?”

“भिंत उघडून पाइप कापला की ‘आहे’ म्हणेन.”

“आठवड्याच्या शेवटी दोघांनाही समोर बोलावतो,” साहेब खिडकीला म्हणाले. “तेव्हाच परवान्याचं ठरवू.”

ही बातमी धाकट्याला बाहेरून कळू नये, निदान तेवढे तरी आपण करावे, म्हणून दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी बाई पुन्हा त्याच्या दारी गेल्या. तो कामावर निघून गेला होता. भावजयीने दार उघडले आणि त्यांना आत घेतले. पण ‘बसा’ म्हणताना खुर्चीकडे बोट दाखवले नाही.

“लाल पाइप शाळेच्या जिन्याचे कठडे आहेत,” ती पाठमोरी होत म्हणाली. “भंगारातून घेतलेत, मुलांनी धरायला. काल संध्याकाळी बसवलेसुद्धा. जाताना हात लावून बघा, रंग ओला आहे. हाताला लागेल, जपून.”

भावजयीने स्वयंपाकघरातला नळ सोडला. खाली तिने आधीच एक जुनी बादली सरकवून ठेवली होती. पाणी खरखरत आले. ती भांडी आवरत राहिली. बादली अर्धी झाल्यावर तिने ती बाजूला केली आणि नळाखाली पिण्याचा हंडा धरला.

“ती बादली?” बाईंनी विचारले.

“कुठली? ही? फरशी पुसायला. पहिली धार कोण पितं?”

बाई उठल्या आणि बादलीपाशी वाकल्या. पाणी पिवळसर दिसत होते. त्या पाहत असतानाच ते हळूहळू तांबूस होऊ लागले, जणू हवा लागताच त्याला लाज वाटली असावी.

“हे रोज असं येतं?”

“तळ्याचं पाणी सुरू झाल्यापासून येतंय. थोडं सोडलं की स्वच्छ. त्यात काय? सगळ्या बिल्डिंगीत तेच आहे. वरच्या काकू म्हणतात, नळसुद्धा सकाळी तोंड धुतो.” तिने हंडा उचलला. “तुमच्याच आईंनी शिकवलंय हो, पहिली धार सोडायची. का, तीही चूक?”

“या बिल्डिंगीतलं नळकाम त्याने केलंय?”

“इथलं? इथले नळ बसले तेव्हा तुमचा भाऊ शाळेत तरी जात होता की नाही, देव जाणे.”

बाईंनी बादलीतले पाणी ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरले. पहिली धार सोडायची. शहरातल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी ती सोडत होते. फरशीला, झाडांना, मोरीत. आणि त्या स्वतः ती सोडत होत्या, नियम म्हणून, नळाचे तोंड भाजून, गारवा लागेपर्यंत. पुराव्याची बादली त्या रोज आपल्याच हाताने गटारात ओतत होत्या आणि मग पुरावा नाही म्हणून निकाल देत होत्या. पहिली धार न सोडणारे या शहरात एकच होते: लाँड्रीवाल्याचे नवे यंत्र. त्याला घड्याळ लावलेले होते. ते पहाटे आपोआप झडप उघडून, रात्रभर नळात उभे राहिलेले पाणी चादरींवर घेत होते. जुन्या हौदावर काम होते तेव्हा माणूस आधी अंगण धूत असे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती. कावळा होता धाकट्याचा पाइप.

पण फांदी मोडली कशाने?

तेही त्यांना भावजयीनेच सांगितले होते, नकळत: तळ्याचे पाणी सुरू झाल्यापासून. पूर्वी शहराला विहिरींचे पाणी येई. लोक त्याला ‘जड’ म्हणत आणि त्याला नावे ठेवत. किटलीत त्याचा पांढरा थर बसे, साबणाला फेस येत नसे, केस राठ होत. ‘आम्हाला हलकं पाणी द्या,’ अशी ओरड वर्षानुवर्षे चालली होती. शेवटी खात्याने तळ्याचे पाणी आणले. ते हलके होते, मऊ होते, जिभेला गोड लागे. बाईंनीच ते तपासले होते आणि उत्तम म्हणून शेरा दिला होता. जिभेने ‘हलकं’ म्हटलेला शब्द त्यांनी तसाच स्वीकारला होता. माणसाला हे पाणी मानवेल का, हे त्यांनी कसून पाहिले होते. लोखंडाला मानवेल का, हे कोणी विचारलेच नव्हते.

जुन्या नळांच्या आत गंजाची खपली असते. विहिरीच्या पाण्यातला चुना त्या खपलीवर बसून तिला घट्ट धरून ठेवत होता. तळ्याच्या पाण्यात तो चुना नव्हता. शिवाय ते गढूळ असे म्हणून त्यात तुरटी टाकत, आणि तुरटीने त्याचा सामू उतरे, म्हणजे ते आम्लाकडे झुके, व सल्फेट वाढे. असले पाणी लोखंडाला चावते. नळात पाणी वाहते असते तोवर निभावते. रात्री ते उभे राहिले की लोखंडच त्यातला प्राणवायू खाऊन टाकते, आणि प्राणवायू संपला की खपलीच विरघळू लागते. विरघळलेले लोखंड दिसत नाही. सकाळी नळ सोडला, हवा लागली, की ते लाल होऊन बाहेर येते.

प्रयोगशाळेत येताच बाईंनी कोठारातून एक लोखंडी चकती मागवली. मोठ्या नळाला जोडणीसाठी भोक पाडले की कापून निघालेली चकती फिटरने खात्यात जमा करायची असते, भोक ठरल्याहून मोठे नाही याचा पुरावा म्हणून. लाँड्रीच्या जोडणीची चकती धाकट्याने वेळेवर जमा केली होती. तिच्या आतल्या अंगावर वारुळासारखे उंचवटे होते. बाईंनी ती खपली दोन भागांत खरवडली. एक भाग बंद पडलेल्या विहिरीच्या पाण्यात, दुसरा तळ्याच्या पाण्यात. दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून, हवा न ठेवता, बुचे लावली. काही दिवसांनी बुचे काढून पाणी वाडग्यांत ओतले. विहिरीचे पाणी जवळजवळ तसेच राहिले. तळ्याचे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत तांबूस झाले.

त्या धावतच साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळे ऐकून घेतले. या वेळी त्यांनी खिडकीकडे पाहिले नाही, आणि तेच बाईंना खटकले.

“म्हणजे आता दोष पाण्यात आहे.”

“पाण्यात नाही. पाण्याच्या आणि लोखंडाच्या नात्यात.”

“बाई, सोमवारी दोष जोडणीत होता. परवान्याची वेळ आली आणि दोष सगळ्या शहरात पसरला. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही.” त्यांनी परवान्याचा कागद पुढे ओढला. “पण माझ्या जागी तुम्ही असतात, तर दाखवला असतात.”

बाईंना हे नाकारता आले नाही. साहेबांच्या जागी त्या स्वतः असत्या, तर अशा बहिणीची बाटली त्यांनी नाकाशीही धरली नसती. आता सत्य त्यांच्या हातात होते, आणि नेमका त्यांचाच हात चालणार नव्हता. त्यांनी जितक्या बाटल्या भराव्यात तितका धाकटा अधिक अडकणार होता.

त्या थेट लाँड्रीत गेल्या.

“नमुने तुम्ही घ्या,” त्या लाँड्रीवाल्याला म्हणाल्या.

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “मी? बरणीत खिळे खरवडणारा?”

“तुमचा माझ्या भावावर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. असा माणूस मला हवा आहे. जिथे माझ्या भावाने कधी काम केलेलं नाही अशी घरं तुम्ही निवडा, मला सांगू नका. सकाळी कोणी नळ सोडायच्या आत पहिलं पाणी बाटलीत धरा. बुचावर तुमच्या कपड्यांच्या खुणेची चिठ्ठी बांधा. बाटल्या माझ्याकडे आणू नका, साहेबांच्या मेजावर ठेवा.”

“यात तुमची काहीतरी चाल आहे.”

“असेल. शोधून काढा.”

त्या वाक्यानेच तो तयार झाला. बहिणीची चाल उघडी पाडण्याच्या हौसेने लाँड्रीवाला दुसऱ्या दिवशी भल्या पहाटेपासून शहरभर फिरला. त्याने चांगली दूरदूरची घरे निवडली: टेकडीवरचा एक बंगला, बाजारामागची खोली, दंतवैद्याचा दवाखाना, आपल्या मेव्हणीचे सासर. पहिल्या दोन दारांवर त्याचा पाहुणचारही झाला.

“पहिल्या धारेचं हवंय,” तो एका निवृत्त गृहस्थाला म्हणाला.

“अहो, सकाळी सकाळी?” गृहस्थ आत डोकावत कुजबुजला. “आणि ते आमच्याकडे नसतं. कोणी सांगितलं तुम्हाला?”

“पाणी, आजोबा, पाणी! नळाचं!”

“मग तसं सांगा की,” गृहस्थ काहीसा हिरमुसला होऊन म्हणाला.

ठरलेल्या दिवशी साहेबांच्या मेजावर बाटल्यांची रांग होती आणि भिंतीशी धाकटा उभा होता, अंगात धुतलेला सदरा, चेहरा कोरा. त्याने बहिणीकडे पाहिले नाही. लाँड्रीवाल्याने एकेक बाटली उचलली आणि ती कोणाची हे सांगितले. टेकडीवरच्या बंगल्याची फिकट पिवळी होती, बाजारामागची विटकरी. मेव्हणीच्या सासरची त्याने सर्वांत शेवटी ठेवली. ती सर्वांत लाल होती.

“तिच्या सासरी मी कॉफी प्यायलो हो,” तो खिन्न होऊन म्हणाला.

“यांतल्या कुठल्या घरात तू काम केलं आहेस?” साहेबांनी धाकट्याला विचारले.

“एकाही नाही.”

“बाई, तुम्हाला ही घरं आधी ठाऊक होती?”

“नाही,” बाईंच्या आधी लाँड्रीवालाच म्हणाला, आणि आपण कोणाची बाजू घेतली हे लक्षात येऊन खाकरला. “म्हणजे मी सांगितली नव्हती. सांगणार कसा? माझा त्यांच्यावर विश्वास कुठे होता?”

साहेबांनी परवान्याचा कागद बाजूला सारला. तळ्याच्या पाण्यात शुद्धीकरणाच्या जागी चुना मिसळायचा, बंद विहिरींपैकी दोन पुन्हा जोडायच्या, आणि लाँड्रीच्या गल्लीचा टोकाशी संपणारा नळ पुढच्या रस्त्याच्या नळाशी जोडायचा, म्हणजे पाणी तिथे उभेच राहणार नाही, असे त्यांनी ठरवले. यंत्राने आधी पहिले पाणी मोरीत सोडावे, हेही लाँड्रीवाल्याला सांगितले. तो पुटपुटला की यंत्राला रीत शिकवण्यापेक्षा सून आणणे सोपे.

“जोडणीचं काम घेशील?” साहेबांनी धाकट्याला विचारले.

“घेईन. एका अटीवर.” त्याने आता प्रथमच बहिणीकडे पाहिले. “प्रत्येक पाइप बसवायच्या आधी ताईने तपासायचा. मागून भिंती फोडायला नकोत.”

तो टोमणा होता हे खोलीतल्या सर्वांना कळले. बाईंना तर सर्वांत आधी. माफी मागावी असे त्यांना वाटले. पण धाकटा जिना उतरून गेलाही.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी एक गाडा येऊन थांबला, पाइपांनी खच्चून भरलेला. धाकट्याने ते एकेक करून ओट्यावर मांडले आणि भिंतीला टेकून हाताची घडी घातली. शेजारच्या कचेरीतले लोक खिडकीत आले. बहीण वरमेल, ‘राहू दे रे’ म्हणेल, आणि मग आपण ‘नाही, तपासच’ म्हणू, असा त्याचा बेत असावा. त्याच्या उभे राहण्यातच तो दिसत होता.

बाईंनी पदर खोचला. चष्मा पुसला. त्यांनी पहिला पाइप उचलला, त्यावर छोट्या हातोडीने टिचकी दिली, आवाज ऐकला, टोकाचे आटे बोटाने फिरवून पाहिले, आणि तो ओट्याच्या उजव्या बाजूला ठेवला. दुसरा उचलला. तिसरा. धाकट्याची घडी हळूहळू सुटली.

“अगं, तू खरंच तपासते आहेस?”

“तूच म्हणालास ना.”

“मी म्हणालो म्हणून...” तो बोलता बोलता थांबला. बाईंनी एक पाइप डाव्या बाजूला ठेवला होता. “हा का?”

“आटे अर्धवट कापलेत. शेवटचे दोन नुसते ओरखडे आहेत. तिथे पाणी झिरपेल.”

“काही ओरखडे नाहीत. कारखान्यातून आलेला माल आहे.” तो तावातावाने पुढे आला, पाइप उचलला, उन्हात धरला, अंगठ्याने आटे मोजल्यासारखे चाचपले. मग त्याने तो गाड्यावर टाकला. “चोर लेकाचे,” तो कारखान्याला उद्देशून म्हणाला. “दे, तो पुढचा दे.”

“माझ्या पद्धतीने.”

“तुझ्याच पद्धतीने. मी दुसरं टोक धरतो, लवकर आटपेल.”

तो वाकून बसला. खिडकीतले लोक कंटाळून आत गेले. बाईंनी पाइप आडवा उचलून डोळ्याला लावला. आतून त्याचा जस्ताचा लेप एकसारखा आहे का ते पाहायचे होते. दूर टोकाला एक गोल काळोख होता, आणि त्या काळोखात एक डोळा.

“काय दिसतंय?” धाकट्याचा आवाज नळातून घुमत आला.

“तू दिसतोयस. बाजूला सर, उजेड अडवतोयस.”